सव्वा पिक्सेलचं अंतर : ग्रह न निघालेल्या एका वेधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५च्या पावसाळ्यातलं. ठिकाण खान्देशातलं, तापीपासून फार लांब नसलेल्या एका तालुक्याच्या गावातलं वरिष्ठ महाविद्यालय. मी तिथे पदार्थविज्ञान शिकवतो आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो. यात कुणाचंही नाव घेणार नाही आणि ताऱ्याचा क्रमांकही देणार नाही, कारण त्यावरून विद्यार्थिनी ओळखू येईल. बाकी घडलं तसं लिहितो.

आमच्याकडे गच्चीवर आठ इंची दुर्बीण आहे, तिला जोडायचा एक बरा कॅमेरा आहे, आणि जून ते सप्टेंबर ही दोन्ही ताडपत्रीखाली असतात. पावसाळ्यात सुरू होणारा प्रकल्प त्यावर उभा करता येत नाही. पण अवकाश दुर्बिणींची निरीक्षणं आता कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. नासाची टेस ही दुर्बीण १८ एप्रिल २०१८ रोजी अवकाशात गेली. तिचे चार कॅमेरे मिळून आकाशाचा २४ अंश रुंद आणि ९६ अंश लांब पट्टा सुमारे २७ दिवस एकटक बघतात आणि मग पुढच्या पट्ट्याकडे वळतात. सप्टेंबर २०२२पासून ती दर २०० सेकंदांनी पूर्ण पट्ट्याचं चित्र नोंदवते. ही चित्रं बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या संग्रहात ठेवलेली असतात. चोपड्यात किंवा शहाद्यात बसलेल्या मुलीला त्यातून तेच मिळतं, जे केंब्रिजमध्ये बसलेल्या मुलीला मिळतं. मला ही गोष्ट अजूनही थोर वाटते.

विद्यार्थिनी कोरडवाहू कापूस करणाऱ्या घरातली. पायथन ती मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकली होती. तिने शर्मिष्ठा आणि देवयानी या तारकासमूहांच्या सीमेजवळचे साठेक तारे निवडले, २०२२च्या शरदातली निरीक्षणं घेतली आणि प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश दिवसागणिक कसा बदलतो याचे आलेख काढायला बसली. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. याला अधिक्रमण म्हणतात. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी आहे, म्हणून गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा शंभरावा भाग झाकतो आणि प्रकाश १ टक्क्याने उतरतो. पृथ्वीएवढ्या ग्रहामुळे होणारी घट दहा हजारांत एक भागही भरत नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेअकराला, तिने मला एक आलेख पाठवला. खाली एकच ओळ होती : "सर, हे बघा ना."

प्रश्न कसा उभा राहिला

आलेखात दर २.३ दिवसांनी एक खड्डा होता. सत्तावीस दिवसांत अकरा खड्डे, सारख्या अंतरावर, प्रत्येक साधारण १ टक्का खोल. तारा टेसच्या उमेदवार ग्रहांच्या यादीत नव्हता. म्हणजे गुरूएवढा ग्रह, ताऱ्याला खेटून फिरणारा, आणि तोवर कुणी न पाहिलेला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकराही खड्डे एकावर एक ठेवले. खड्ड्याच्या तळाशी ठिपके दोन ओळींत फाटल्यासारखे दिसत होते, एक ओळ वर आणि एक खाली. तिने विचारलं, "सर, हे असं दुहेरी का दिसतंय?" मी म्हणालो, गोंगाट असेल, दुर्बिणीच्या हलण्यामुळे असं होतं. पहिला निर्णय इथे झाला आणि तो चुकला. प्रश्न बरोबर जागी पडला होता आणि तो विद्यार्थिनीनेच विचारला होता. उत्तर शोधायला अर्धा तास लागला असता. मी तो दिला नाही, कारण मला तो ग्रह असायला हवा होता.

दुसरा निर्णय त्याच दुपारी झाला. मी प्राचार्यांना सांगितलं. शब्द जपून वापरले होते, "शक्यता आहे", "तपासायचं आहे". पण प्रवेशाचे दिवस होते आणि आमच्या एम.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या निम्म्या जागा रिकाम्या होत्या. त्या भरल्या नाहीत तर वर्गच बंद होईल, ही चिंता त्यांना होती, मलाही होती. त्यांनी संस्थेच्या सचिवांना फोन केला. संध्याकाळी बातमीचा मजकूर तयार झाला, मथळा होता "भास्कराचार्यांच्या भूमीत नव्या ग्रहाचा शोध". तिसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स लागला, त्यावर विद्यार्थिनीचा परीक्षेच्या अर्जावरचा फोटो. फोटो लावायचा का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

मथळ्यात भास्कराचार्य येणं आमच्याकडे साहजिक आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे, पाटणादेवीच्या परिसरात, त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख सापडला. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तशी त्यात नोंद आहे. ज्या माणसाने ग्रहणाचं गणित कला-विकलांपर्यंत मांडलं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा), त्याच्या नावाखाली न तपासलेला आकडा छापायला निघालो आहोत, हे फ्लेक्स बघताना मला टोचलं. त्याच रात्री मी पुण्यातल्या ओळखीच्या एका संशोधकांना आलेख पाठवला. त्यांचं उत्तर सकाळी आलं, एका ओळीचं : हा प्रकाश नक्की कोणाचा आहे ते आधी बघा.

समोरचे पर्याय

बातमी वर्तमानपत्रांकडे जायला एक दिवस बाकी होता. आम्ही तिघं, मी, विद्यार्थिनी आणि प्राचार्य, त्यांच्या खोलीत बसलो.

बातमी "संभाव्य ग्रह" असा शब्द घालून जाऊ द्यावी, असं प्राचार्यांचं म्हणणं होतं. नंतर नाही निघाला तर खुलासा करू. मी त्यांना त्याच वर्षीच्या एप्रिलची आठवण दिली. के२-१८बी हा १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसते, असं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. शोधनिबंधात खुणेची खात्री तीन सिग्मा एवढीच सांगितली होती, आणि पक्क्या शोधाला पाच सिग्मा लागतात हेही सांगितलेलं होतं. आमच्या व्हॉट्सॲपवर मात्र सरळ "परग्रहावर जीवसृष्टी सापडली" असं आलं. पुढे दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या रीतीने तपासली, तेव्हा खूण तेवढी ठळक उरली नाही. ती दुसरी बातमी आमच्यापैकी कुणाच्या फोनवर आली नव्हती. खुलासे वाचले जात नाहीत, असं मी म्हणालो. प्राचार्य गप्प राहिले.

दुसरा मार्ग, सगळं पुण्याच्या संशोधकांकडे सोपवून मोकळं व्हायचं. सुरक्षित होता. पण मग शिकलं कोण? आणि ग्रह खरा असता तरी शेवटचा शिक्का त्यांच्याकडूनही मिळाला नसता. त्यासाठी तारा ग्रहाच्या ओढीने किती डुलतो ते मोजावं लागतं. आपल्याकडे ते काम अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचा माउंट अबूवरचा पारस-२ हा वर्णपटमापक करतो. तिथल्या २.५ मीटरच्या दुर्बिणीला तो जोडलेला आहे. टेसने दाखवलेल्या उमेदवारांपैकी टीओआय-६६५१बी हा ग्रह २०२४मध्ये त्यावरूनच पक्का झाला. अशा यंत्राच्या रात्री मोजक्या असतात आणि त्या मागण्याआधी घरची तपासणी झालेली असावी लागते.

गच्चीवरच्या दुर्बिणीतून बघण्याचा विचार निघाला तेव्हा बाहेर पाऊस चालू होता.

उरला तो मार्ग म्हणजे हाती असलेल्याच निरीक्षणांची उलटतपासणी. विद्यार्थिनी तोवर काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "सर, मला आठ दिवस द्या. आणि तो फ्लेक्स काढाल का?"

बातमी थांबली. फ्लेक्स मात्र पुढचे चार दिवस तसाच राहिला, कारण तो काढायचा निर्णय कोणी घ्यायचा, हेच ठरत नव्हतं. शेवटी मी आणि शिपाई मामांनी तो उतरवला.

काय केलं

तिने सुरुवात माझ्या टाळलेल्या प्रश्नापासून केली. खड्ड्यांना क्रमांक दिले आणि सम वेगळे, विषम वेगळे केले. विषम खड्डे १ टक्का खोल होते, सम खड्डे ०.८ टक्का. एकच ग्रह दर वेळी समोरून जात असेल तर खोली बदलायचं कारण नाही. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील आणि आळीपाळीने एकमेकांना झाकत असतील, तर मात्र खड्डे असेच एक खोल, एक उथळ येतात. मग खरा फेरा २.३ दिवसांचा राहत नाही, त्याच्या दुप्पट, ४.६ दिवसांचा होतो. आलेखातली पुनरावृत्ती शोधणारा संगणकीय कार्यक्रम जवळपास सारखे दोन खड्डे एकच समजून अर्धा काळ दाखवतो. हे या कामातल्या कुणालाही माहीत असतं, मलाही माहीत होतं.

आता दुसरी अडचण उभी राहिली. एका ताऱ्यासमोर दुसरा तारा आला तर प्रकाश फक्त १ टक्का का उतरावा? तो बराच जास्त उतरायला हवा.

उत्तर टेसच्या बांधणीत आहे. जवळजवळ सगळं आकाश बघायचं म्हणून तिची नजर रुंद ठेवली आहे आणि त्याची किंमत बारकाव्यात मोजली आहे. तिचा एक पिक्सेल आकाशातल्या २१ विकलांएवढा. आधीच्या केप्लर दुर्बिणीचा पिक्सेल साधारण ४ विकलांचा होता. एका ताऱ्याचा प्रकाश मोजायला तीन बाय तीन पिक्सेलांचा चौकोन घेतला, तर तो एक कलेहून थोडा मोठा होतो. शर्मिष्ठेच्या बाजूला आकाशगंगेचा पट्टा जातो, तिथे एवढ्या चौकोनात एकच तारा असेल असं मानणं धाडसाचं. आपण ज्याला एका ताऱ्याचा आलेख म्हणतो, तो त्या चौकोनातल्या सगळ्यांच्या प्रकाशाची बेरीज असतो.

तिने आपल्या ताऱ्याभोवतीचे पिक्सेल वेगळे काढले. खड्ड्याच्या वेळची सगळी चित्रं घेऊन त्यांची सरासरी केली, खड्डा नसतानाच्या चित्रांची वेगळी सरासरी केली आणि दुसरीतून पहिली वजा केली. जिथे प्रकाश खरोखर कमी झाला, ती जागा या वजाबाकीत उजळ दिसते. उजळ ठिपका आमच्या ताऱ्यावर असायला हवा होता. तो सव्वा पिक्सेल बाजूला होता.

मी त्या वेळी प्रयोगशाळेत तिच्या शेजारी उभा होतो. ती काही बोलली नाही, मीही नाही. थोड्या वेळाने तिने वही ओढली.

तिने गाया दुर्बिणीची जून २०२२मध्ये प्रसिद्ध झालेली यादी उघडली. युरोपच्या या दुर्बिणीने ताऱ्यांच्या जागा इतक्या बारकाईने मोजल्या आहेत की शेजारी कोण आहे हे विचारायला तिच्यासारखी दुसरी जागा नाही. (तिचं काम संपवून २७ मार्च २०२५ रोजी ती कायमची बंद करण्यात आली, आमच्या प्रकरणाच्या चारच महिने आधी.) ठिपक्याच्या जागी, आमच्या ताऱ्यापासून २८ विकलांवर, एक मंद तारा होता. आमचा तारा १०.५ प्रतीचा, हा १४ प्रतीचा (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे पंचवीसपट मंद.

हिशेब वहीत तिने असा मांडला. मोठ्या ताऱ्याचे १०० रुपये, मंद ताऱ्याचे ४. आलेखाला दिसतात एकूण १०४. मंद ताऱ्याने आपला पाव हिस्सा गमावला तर १ रुपया जातो. एकशेचारात एक, म्हणजे साधारण १ टक्का. आमचा "ग्रह" या एका रुपयात होता.

मग तिने मंद ताऱ्याच्या बाजूचे पिक्सेल धरून नवा आलेख काढला. तिथे खड्डे कितीतरी जास्त खोल होते आणि आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा होता, एका ताऱ्याच्या कडेने दुसरा घासून गेला की होतो तसा. मंद तारा मुळात दोन ताऱ्यांची जोडी होती, पिधानकारी जोडतारा.

हे सगळं शुक्रवारी, १ ऑगस्टला पूर्ण झालं. रविवारी कानबाई होती, आमच्या खान्देशातला श्रावणातला सण.

परिणाम

ती गावी गेली तेव्हा घरात रोटांची तयारी चालू होती आणि भाऊबंद जमलेले होते. फ्लेक्सचा फोटो सगळ्यांच्या फोनवर पोहोचलेला. आत्या, काका, मावश्या, ज्याने त्याने तिला जवळ घेऊन कौतुक केलं. काय सांगावं, ते तिला सुचेना. रात्री ओट्यावर वडिलांनीच विचारलं, "मंग तो ग्रह शे का नही, इतलंच सांग माले."

तिने सांगितलं की नाही. रात्री लांबून ट्रॅक्टर येतो तेव्हा दोन दिव्यांचा एकच दिवा दिसतो, तसं झालं. त्यातल्या बारक्या दिव्यासमोर काहीतरी येत होतं आणि आम्हाला वाटलं मोठा दिवाच मंदावतोय. वडील म्हणाले, मग तू ओळखलंस ना. सकाळी त्यांनी स्वतःच घरच्यांना सांगितलं. हे तिने मला नंतर सांगितलं आणि ऐकताना मला माझी जबाबदारी जास्त जाणवली. मुलीला ज्या परिस्थितीत मी ढकललं होतं, त्यातून तिला तिच्या वडिलांनी बाहेर काढलं.

प्राचार्य पहिल्या दिवशी रागावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला : हे फ्लेक्स लावायच्या आधी कळलं असतं का? मी हो म्हणालो.

आणि ते खरोखर कळलं असतं, मला वाटलं होतं त्याहूनही सहज. ऑगस्टच्या मध्यावर तिला आढळलं की गायाच्या त्याच प्रकाशनात पिधानकारी जोडताऱ्यांच्या उमेदवारांची स्वतंत्र यादी आहे, वीस लाखांहून जास्त नोंदींची. आमचा शेजारी त्यात होता, ४.६ दिवसांच्या फेऱ्यासह. म्हणजे जोडीही नवी नव्हती. दहा मिनिटांचा शोध सगळं सांगून गेला असता.

मग प्रकल्पाचं काय करायचं, हा प्रश्न आला. विषय बदलायला वेळ होता. काही सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की "ग्रह नाही" या निष्कर्षाला बाहेरचे परीक्षक गुण देणार नाहीत. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या आणि या वेळी माझं मत सांगितलं नाही. तिने विषय ठेवला. टेसच्या हजारो उमेदवारांपैकी पक्के ग्रह काहीशेच ठरले आहेत. बाकीच्यांत अशा शेजाऱ्यांचा मोठा वाटा असतो, आणि ते ओळखून बाजूला काढणं हा ग्रह शोधण्याचाच भाग आहे. १७ सप्टेंबरला नासाने जाहीर केलं की पक्क्या झालेल्या बाह्यग्रहांची संख्या ६,००० झाली. ती बातमी तिने वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाली, यातल्या प्रत्येकाला कुणीतरी "प्रकाश कोणाचा" हे विचारलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणीचा क्रम उलटा हवा होता. ग्रह किती मोठा, हे आम्ही पहिल्या रात्री काढलं आणि प्रकाश कोणाचा, हे दहाव्या दिवशी. आता आमच्याकडे कुणालाही खड्डा दिसला की आधी गायाच्या यादीत एका कलेच्या आतले शेजारी आणि त्यांच्या प्रती वहीत लिहायच्या, मग जोडताऱ्यांची यादी बघायची, मग सम-विषम, मग वजाबाकीचं चित्र. एवढं झाल्याशिवाय ग्रह हा शब्द वापरायचा नाही, आपसांतही नाही. शब्द एकदा तोंडात बसला की डोळे त्याच्याच बाजूने बघतात, माझे तसे बघत होते.

प्राचार्यांना सांगण्याबद्दल मी पुष्कळ विचार केला. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. वर्ग वाचवायची त्यांची तळमळ खरी होती. मी "शक्यता" म्हणालो खरं, पण ती शक्यता किती आणि कशामुळे मोडू शकते, हे सांगितलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं, कारण नंतर थांबवलंच की.

फोटोबद्दल मात्र दुसरं मत असू शकत नाही. विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव आणि चेहरा फाटकावर जाऊ नये. यश खरं असलं तरीही.

त्यानंतर

२८ विकलांचं अंतर टेसला मोठं कोडं असलं तरी आठ इंची दुर्बिणीला ते सहज फोडता येतं. नोव्हेंबरात आकाश निवळलं. गायाची निरीक्षणं २०१४ ते २०१७मधली, टेसची २०२२मधली. दोन्हींवरून तिने फेरा आणखी बारीक केला आणि पुढची ग्रहणं कधी लागतील ते मांडलं. अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री, साडेसात ते साडेअकरा, एक ग्रहण आमच्या आकाशात पडत होतं.

गच्चीवर आम्ही पाच जण होतो. शर्मिष्ठा उत्तरेला वर आली होती, बाजारातल्या हायमास्ट दिव्याचा उजेड त्या बाजूला नव्हता हे नशीब. कॅमेऱ्याच्या चित्रात दोन तारे वेगवेगळे दिसत होते, एक ठळक, एक जेमतेम. दर मिनिटाला एक चित्र येत होतं आणि ती दोघांचाही प्रकाश वहीत मांडत होती. ठळक ताऱ्याची ओळ रात्रभर सपाट राहिली. मंद ताऱ्याची ओळ आठच्या सुमाराला उतरायला लागली, साडेनऊला तळाला गेली आणि मग सावकाश वर यायला लागली. तिने तळाची वेळ अधोरेखित केली. तिच्या गणितापेक्षा ती अकरा मिनिटांनी उशिरा होती. या अकरा मिनिटांचं काय करायचं, यावर ती सध्या काम करते आहे.